रुपाली पहिल्या पानावर

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की शिरूर कासारात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या ट्रॉल्या भरायला लागतात आणि पुढाऱ्यांना समाजसेवा सुचायला लागते. परवा माझ्या मोबाईलवर एक पत्रिका आली. अमुक अमुक संस्थेच्या अद्ययावत वेबसाईटचे भव्य लोकार्पण. भव्य! वेबसाईट भव्य कशी असते, हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगावं. वर सात जणांचे फोटो, सगळ्यांचे हात जोडलेले, सगळ्यांच्या कपाळाला टिळा. आणि अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, ज्यांच्या नावावर हा सगळा थाट चाललाय ती ‘ऊसतोड मजुरांची मुले’.

पत्रिका पुसून टाकली. पण तो हंगाम काही पुसला गेला नाही. चार वर्षांपूर्वीचा. त्या हंगामात मी माझी पहिली वेबसाईट केली. पहिली आणि शेवटची.

आता मी केजला असते. तहसील कचेरीसमोरच्या एका दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. तेव्हा शिरूरला होते, एका खाजगी संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून. अधीक्षिका हा शब्द मला फार आवडायचा. प्रत्यक्षात शाळेमागच्या दोन पत्र्याच्या खोल्या, चाळीस मुली, एक स्वयंपाकीणबाई आणि मी. आईबाप कारखान्यांकडे निघून गेले की त्यांच्या मुली पाच-सहा महिने आमच्याकडे राहायच्या. म्हणजे शाळा सुटू नये, एवढाच हेतू. हेतू चांगला होता, हे कबूल केलंच पाहिजे. आमच्याकडे हेतू कायम चांगलेच असतात.

संस्थेचे अध्यक्ष होते त्यांना सगळे आबासाहेब म्हणायचे. खरं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. असा एक आबासाहेब प्रत्येक तालुक्याला मिळालेलाच असतो. पांढरे कपडे, दोन मोबाईल, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या मागच्या भिंतीकडे बघायची सवय. नारायणगडाच्या जत्रेत त्यांनी स्वतःच्या हाताने पंगत वाढतानाचा फोटो कचेरीत लावला होता. फोटोत वरणाचं भांडं धरलेली दोन माणसं अर्धी कापली गेली होती.

त्या वर्षी पहिल्या ट्रॉल्या निघाल्या तो दिवस मला आजही वासासकट आठवतो. डिझेल, बैलांचं शेण, नव्या ताडपत्रीचा उग्र दर्प. ट्रॉलीत पिठाची पोती, हंडे, बांबू, पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसलेल्या बाया. मंगल तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे आली. तिशीची असेल. हातात मुलीचं गाठोडं, आणि गाठोड्यामागे मुलगी. रुपाली. सातवीत.

‘बाई, ही रातीची दचकून उठती. भिताडाच्या कडंनं झोपवा तिला,’ मंगल म्हणाली. ‘कालवनात लई तिखट खात न्हाई. आन डोक्याला तेल ती सवता लावती म्हनंल, पर लावत न्हाई. तुमी बगा.’

मी सगळ्याला हो म्हटलं. वहीत लिहून घेतल्यासारखंही केलं.

‘आन फोटु टाकत जा ओ फोनवर. मला वाचायला येतंय. सातवी झालीय मही बी.’

ती गेली. रुपाली फाटकाला धरून उभी होती, रडली नाही. चाळीसपैकी निम्म्या मुली पहिल्या दिवशी रडतात, उरलेल्या तिसऱ्या दिवशी. ही दुसऱ्या गटातली असणार, एवढं मी ओळखलं. मला तेव्हा वाटायचं, मला मुली कळतात.

त्याच आठवड्यात आबासाहेब केजला कुठल्या तरी कार्यक्रमाला गेले आणि तिथून पिसाळून परत आले. तिथल्या एका संस्थेची वेबसाईट होती. ती कुणीतरी पडद्यावर दाखवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या आबासाहेबांना सोसल्या नाहीत.

‘त्येची वेबसाईट हाय, आन आपली न्हाई. कावून?’ त्यांनी भिंतीला विचारलं. मग माझ्याकडे वळले. ‘बाई, तुमी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरता ना कॉम्प्युटरवर? मग तुमीच करा.’

फॉर्म भरणं आणि वेबसाईट करणं यात बैलगाडी हाकणं आणि बैलगाडी तयार करणं एवढं अंतर आहे, हे मी बोलले नाही. उलट फुगले. एवढ्या मोठ्या माणसाने एवढं मोठं काम आपल्यावर टाकलं! माझ्या त्या वेळच्या आनंदाची मला आज शिसारी येते, पण तो होता.

शिकायचं कुणाकडून? मोबाईलवरच्या व्हिडिओंकडून. प्रत्येक व्हिडिओत तोच माणूस असतो, फक्त शर्ट बदलतो. तो सांगतो, डोमेन म्हणजे घराचा पत्ता आणि होस्टिंग म्हणजे घराची जागा. बस, एवढं सांगितलं की त्याला वाटतं सगळं सांगून झालं. पुढे तो जे करतो ते इतक्या वेगाने करतो की पत्ता एका गावात राहतो आणि घर दुसऱ्या. मी संस्थेच्या नावाचा पत्ता घेतला आणि दोन दिवस वाट बघत बसले, की आता वेबसाईट दिसेल. तिथे काहीच दिसेना. नुसता पत्ता घेतला होता, घर बांधायचंच होतं. मग जागा घेतली. तर पत्ता आणि जागा एकमेकांना ओळखेनात. ते जोडायचे आकडे कुठे भरायचे हे कळायला आणखी तीन दिवस गेले. मग पान तयार केलं, ते चढवलं, तरी पांढरा पडदा. कारण मी ते भलत्याच फोल्डरमध्ये टाकलं होतं. दारात ठेवायची रांगोळी माळ्यावर ठेवली होती.

शाळेच्या संगणक खोलीत दुपारी, मुली वर्गात असताना, मी हे सगळं करायची. खिडकीतून बाहेर तुरीचा पिवळा फुलोरा दिसायचा. आणि एका दुपारी मी मोबाईलवर आमचा पत्ता टाकला, तर पडद्यावर निळ्या ठळक अक्षरांत ‘नमस्कार’ उमटला. माझा नमस्कार! तो आता जगात कुठेही, कुणालाही दिसणार होता. मी खोलीत एकटीच उभी राहिले आणि हसले. एवढा एक क्षण त्या हंगामातून कुणी वेगळा काढून दिला तर मी अजूनही जपून ठेवेन. बाकी सगळा उकिरड्यावर टाकण्याच्या लायकीचा.

कारण नमस्कारानंतर लगेच आलं आबासाहेबांचं मनोगत.

मनोगत त्यांनी बीडच्या एका छपाईवाल्याकडून टाईप करून आणलं होतं. जुन्या फॉन्टमध्ये. मी ते उचलून पानावर चिकटवलं, तर मराठीच्या जागी कंस, टिंबं, उलटी-सुलटी इंग्रजी अक्षरं यांचा चिवडा झाला. खरं सांगायचं तर त्या मनोगताचा तोच सर्वांत प्रामाणिक मसुदा होता. पण मला तो दुरुस्त करायचा होता. दुसरा मार्ग नव्हता, सगळं पुन्हा माझ्या बोटांनी टाईप करणं आलं. तीन पानं. ‘माझ्या रक्ताच्या थेंबाथेंबात’, ‘तळागाळातील’, ‘अहोरात्र’. आणि दुसऱ्या पानावर हे वाक्य: ‘आमच्या वसतिगृहातील अनाथ व निराधार बालिकांना मी मायेची सावली दिली.’

बोटं थांबली. थांबली हे खरं आहे, आणि मी उठून कचेरीत गेले हेही खरं आहे.

‘आबासाहेब, आपल्या मुलींना आईबाप आहेत.’

‘हायेत की.’

‘इथे अनाथ लिहिलंय.’

‘हायेत, पर कुटं हायेत? हितं हायेत का?’ ते भिंतीकडे बघत समजुतीने म्हणाले. ‘मग सा म्हैने निराधारच की. बाई, देनगी देनारा मानूस वाचतो तवा त्येच्या डोळ्यात पानी आलं पायजे. आईबाप ऊस तोडायला गेलेत म्हनल्यावर कुनाला पानी येतंय?’

मी परत आले आणि टाईप केलं. निराधार. चार अक्षरं. चिकटवलं असतं तर म्हणता आलं असतं की माझ्या नजरेतून सुटलं. पण ते नशीबही नव्हतं.

मग फोटो. आबासाहेबांना पहिल्या पानावर स्वतःच्या फोटोखाली एका मुलीचा फोटो हवा होता. मी रुपालीचा काढला. तिचा चेहरा कॅमेऱ्यासमोर मोकळा व्हायचा. वेणी घालून, दात दाखवून हसलेली, पाठीमागे पेरूचं झाड. फार गोड फोटो होता. आबासाहेबांनी बघितला आणि म्हणाले, ‘हासरा नको.’

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला मी रुपालीला रांगेतून बाजूला बसवलं. समोर रिकामं ताट.

‘बाई, हासू का?’ तिने विचारलं.

‘नको,’ मी म्हटलं. ‘नुसती ताटाकडे बघ.’

ती बघत राहिली. मला हवा तसा फोटो मिळाला. मिळाल्यावर मी तिला जास्तीची भाजी वाढली, आणि त्या भाजीने माझं मन हलकंही झालं. किती स्वस्तात हलकं व्हायचं ते तेव्हा.

लोकार्पणाला लॅपटॉपला हार घातला. कीबोर्डवर हळदीकुंकू वाहिलं. एका बटणात कुंकू गेलं ते पुढे कधी निघालंच नाही. लॅपटॉपपुढे नारळ फोडला, तेव्हा पाणी उडू नये म्हणून मी पदर आडवा धरला. आबासाहेबांनी माउसवर बोट ठेवलं आणि नेमकं त्याच वेळी नेटवर्क गेलं. मी आधीच पानाची एक प्रत लॅपटॉपमध्ये साठवून ठेवली होती, तीच उघडली. टाळ्या झाल्या. कुणालाही काही फरक पडला नाही. मला तर वाटतं, मी आबासाहेबांचा नुसता फोटो उघडला असता तरी तेवढ्याच टाळ्या झाल्या असत्या. भाषणात ते म्हणाले की आज शिरूर कासार जगाशी जोडलं गेलं. जगाशी जोडलेल्या त्या गावात त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, आणि निम्म्या घरांना कुलपं होती.

पानाच्या तळाला मी पाहुण्यांची संख्या दाखवणारा आकडा बसवला होता. आबासाहेबांना तो फार आवडला. रोज कचेरीत आल्यावर विचारायचे, ‘कितीवर गेला?’ दुपारपर्यंत पन्नास-साठने वाढलेला असायचा. त्यातल्या चाळीस वेळा मीच पान उघडलेलं असायचं, दहा वेळा त्यांनी. आम्ही दोघं एकमेकांना जग समजून खूश होतो.

आणि मी, गर्वाने आंधळी झालेली मी, लोकार्पणाच्याच संध्याकाळी मुलींच्या आयांच्या ग्रुपवर ती लिंक पाठवली. सोबत लिहिलं: ‘रुपालीचा फोटो पहिल्या पानावर आहे!’

दोन दिवसांनी दुपारी मंगलचा फोन आला. पाठीमागे गाडी भरण्याचा आरडाओरडा, पाचट तुडवल्याचा आवाज.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘आमी मेलोत का?’

मला पहिल्यांदा कळलंच नाही. ‘काय झालं गं मंगल?’

‘न्हाई, म्हनलं इचारावं. मुकादमानं फोनवर समद्यांला दावलं. बाया म्हनायल्या, मंगल, तुही पोरगी अनाथ झाली की. हासल्या समद्या. मी बी हासले.’

‘अगं, ते तसं लिहावं लागतं. देणगीसाठी. पद्धत असते ती.’

‘आसं का,’ ती म्हणाली. ‘आन रिकाम्या ताटाकडं कावून बसलीय ती? जेवाया देता न्हवं तिला?’

‘देतो गं! पोटभर देतो. फोटो... फोटो तसा आला.’

फोटो तसा आला. मी एवढंच म्हणू शकले. आबासाहेबांचा तिरस्कार करणं सोपं आहे, ते त्याच कामासाठी जन्माला आल्यासारखे होते. पण ‘हसू नको’ असं त्या मुलीला मी सांगितलं होतं, आणि तिच्या आईला खरं सांगायची वेळ आली तेव्हा मी फोटोवर ढकललं.

मी आबासाहेबांकडे गेले. म्हटलं, एका आईचा फोन आला होता, तो मजकूर बदलायला हवा. ते हसले. ‘चार दिसांनी इसरंल ती. त्यांला काय कळतंय वेबसाईटमधलं?’ त्याच सुरात त्यांनी दुसऱ्या मोबाईलवर कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

इथे मी ताडकन उठून मजकूर बदलला असं लिहायला मला आवडलं असतं. मी आठ दिवस काहीही केलं नाही. नोकरीची भीती होती, दुसरं काय! रोज सकाळी रुपालीची वेणी घालायची, दुपारी आकडा बघायचा. ती मला विचारायची, ‘बाई, आई बोलली का?’ आणि मी म्हणायची, रेंज नसेल.

नवव्या दिवशी मात्र बसले. पासवर्ड माझ्या एकटीकडे होता. ते वाक्य खोडलं आणि लिहिलं: ‘या मुलींचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत. गुढीपाडव्याच्या सुमारास ते परत येतील. तोपर्यंत मुली इथे राहतात आणि शिकतात.’ रिकाम्या ताटाचा फोटो काढला, पेरूच्या झाडाचा लावला. मंगलला लिंक पाठवली. तिने बघितल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

गंमत पुढेच आहे. आबासाहेबांना याचा पत्ताच लागला नाही. दोन अडीच महिने! रोज वेबसाईट उघडायचे, पण स्वतःच्या फोटोच्या खाली ते कधी उतरलेच नाहीत. आकड्यापर्यंत जायलाही मलाच सांगायचे. आपण जे ‘अहोरात्र’ वगैरे लिहिलं ते जागेवर आहे का, हेही बघायची त्यांना इच्छा नव्हती. शेवटी महाशिवरात्रीच्या सुमारास पुण्याहून एक पाहुणे आले, त्यांनी कचेरीत बसून त्या तीन ओळी मोठ्याने वाचल्या आणि म्हणाले, ‘अरे वा, म्हणजे पालक आहेत तर मुलींना!’ आबासाहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

त्यांनी पासवर्ड मागितला. मी दिला. भांडले नाही. मला पुढच्या हंगामाला बोलावलं गेलं नाही, आणि काही दिवसांत ते जुनं वाक्य आणि तो रिकाम्या ताटाचा फोटो पुन्हा पहिल्या पानावर आला. कुणाकडून तरी त्यांनी शोधून चढवून घेतला. तेवढी चिकाटी त्यांच्यात होती.

रुपालीचं काय झालं, हे लोक मला कधी विचारत नाहीत, कारण ती त्यांना माहीतच नाही. गेल्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. वय सांगत नाही, कागदावर वेगळं आहे. नवरा-बायको मिळून मुकादमाच्या हिशेबात एक कोयता धरतात. रुपाली आता अर्धा कोयता आहे. आठवीचं वर्षही तिने शाळेत पूर्ण काढलं नाही.

मी थांबवायला गेले नव्हते असं नाही. त्या वेबसाईटनंतरचा हंगाम सुरू झाला तेव्हा मी केजला आले होते. मंगल या वेळी पोरीला वसतिगृहात ठेवणार नाही, सोबत नेणार आहे, असं स्वयंपाकीणबाईने फोनवर सांगितलं. मी सकाळीच निघाले. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दाटीने बसून, मग एसटीने, मग त्यांच्या वस्तीपर्यंत पायी. ट्रॉली भरून झाली होती. मंगल चुलीवरच्या शेवटच्या भाकरी फडक्यात बांधत होती.

मला बघून ती उठली. रागावली नाही. ‘या की बाई. बसा. खाऊन घ्या दोन घास,’ म्हणाली आणि माझ्यापुढे गरम भाकरी आणि ठेचा ठेवला. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती मला पाहुणी म्हणून वागवत होती, आणि मी मुकाट्याने खात होते.

‘मंगल, शाळा जाईल गं तिची,’ मी म्हटलं.

‘तितं कारखान्यावर बी असती म्हनं साकरशाळा.’

‘तुला माहितीये ती कशी असते. पंधरा दिवस चालते, मग मास्तर गायब.’

‘माहीत हाय.’

‘मग त्या वसतिगृहात नको ठेवू. माझ्या घरी ठेव, केजला. मी एकटीच असते. माझ्या मुलीसारखी ठेवीन. भिंतीच्या कडेला झोपवीन.’

ती थांबली. रुपालीकडे बघितलं. रुपाली ट्रॉलीच्या चाकाशी उभी राहून आमचं ऐकत होती, आणि तिच्या तोंडावर जी आशा होती ती मला दिसली, तिच्या आईलाही दिसली.

मंगलने फडक्याची गाठ मारली. घट्ट मारली, मग सोडून पुन्हा मारली.

‘तुमी वाईट न्हाईत बाई,’ ती म्हणाली. ‘मला ठावं हाय. तुमी जीव लावता पोरींला. पर तुमाला कुनी सांगितलं की तुमी लिवता.’

मुकादमाने हाक मारली, ट्रॅक्टर धडधडायला लागला. मंगल वर चढली, तिने हात देऊन पोरीला वर ओढून घेतलं. रुपाली फळीला धरून उभी राहिली, माझ्याकडे बघत. वळणावर ट्रॉली हेलकावली तेव्हा मंगलने तिला दंडाला धरून खाली बसवलं, आपल्या दोन गुडघ्यांच्या मधे, आणि वरून पदर घेतला.